तलाव हिरवाच आहे, पण उपग्रहाचा आलेख सुधारणा दाखवतो; चूक कुठे होत असावी?

अग्रणीकाठ (कवठेमहांकाळ) यांचा प्रश्न

नमस्कार. मी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका गावात राहते आणि कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. आमच्या गावाला लागून सुमारे चाळीस हेक्टरांचा एक तलाव आहे. पावसाचे पाणी त्यात बेताचेच येते. म्हैसाळ योजनेचे आवर्तन सुटले की कृष्णेच्या पाण्याने तो भरतो. नळपाणी योजनेची विहीर भरावाच्या खालच्या अंगाला आहे, जनावरे थेट तलावावर पाण्याला जातात आणि मच्छीमार संस्था दरवर्षी त्यात मत्स्यबीज सोडते. गेली काही वर्षे फेब्रुवारी सरत आला की पाण्यावर हिरवी झाक येऊ लागते आणि एप्रिलपर्यंत भरावाच्या कडेला हिरवा रंग ओतावा तसा दाट थर साचतो. हात बुडवून बाहेर काढला तर बोटांना बारीक रव्यासारखे कण चिकटतात.

या बदलाची नोंद ठेवावी म्हणून मी सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे वापरते. २०१९ ते २०२१ या काळातील चित्रे मी त्या त्या वेळी उतरवून घेतली होती आणि त्यानंतरचीही वेळोवेळी उतरवत आले आहे. सर्व चित्रे दुसऱ्या पातळीची, म्हणजे वातावरणामुळे प्रकाशात पडणारा फरक काढून टाकलेली आहेत. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत मी हरितद्रव्याचा निर्देशांक काढते. चित्रातील प्रत्येक बँड म्हणजे प्रकाशाच्या एका ठरावीक पट्ट्याची नोंद; त्यांतील पाचव्या बँडमधून चौथा वजा करायचा आणि त्या दोहोंच्या बेरजेने भागायचे, एवढेच त्याचे गणित आहे. तलावाची हद्द मी एकदाच हाताने आखून घेतली आणि तिच्या आतील सर्व पिक्सेलची सरासरी दर तारखेला काढत गेले.

या सरासरीचा आलेख २०२१च्या अखेरपर्यंत दर उन्हाळ्यात ठळकपणे वर जातो. २०२२पासून मात्र तो एकदम खाली बसला आहे आणि उन्हाळ्यातले उंचवटे जवळजवळ सपाट झाले आहेत. हा आलेख मी ग्रामसभेत मांडला तेव्हा तलाव सुधारत असल्याचा अर्थ सर्वांनी काढला आणि प्रयोगशाळेतून पाणी तपासून घेण्याचा ठराव पुढे ढकलला गेला. या एप्रिलमध्ये भरावावर उभी राहिले तेव्हा पाणी पूर्वीइतकेच हिरवे होते. माझ्या आलेखामुळे गावाने पाण्याची तपासणी लांबणीवर टाकली असेल, तर ती जबाबदारी माझी आहे, म्हणून हा प्रश्न जाणकारांपुढे ठेवत आहे. २०२२च्या सुरुवातीला नेमके काय बदलले असावे? आणि उपग्रहाच्या चित्रावरून पाणी जनावरांना पाजण्याजोगे आहे की नाही, हे सांगता येते का? गावातील काही द्राक्ष बागायतदार तलावात मोरचूद सोडण्याचा आग्रह धरत आहेत, त्याबद्दलही कोणाचा अनुभव असल्यास कृपया लिहावे.

कण्हेर परिसर (सातारा) यांचे उत्तर

ताई, आपला तलाव सुधारलेला नाही आणि आपला निर्देशांकही चुकीचा नाही. बदल झाला आहे तो चित्रांत आकडे साठवण्याच्या पद्धतीत. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अवकाश संस्थेने सेंटिनेल-२च्या चित्रांची प्रक्रिया नव्या आवृत्तीने सुरू केली आणि त्या आवृत्तीत प्रत्येक बँडच्या प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. पाण्यासारख्या काळोख्या पृष्ठभागावर दुरुस्तीनंतर कधी कधी परावर्तन शून्याच्याही खाली जाते. असे उणे आकडे कापले जाऊन नष्ट होऊ नयेत, यासाठी ही तजवीज करण्यात आली. वापरणाऱ्याने ते १००० वजा करूनच पुढचे गणित करायचे असते. फाइलच्या लांबलचक नावात एन अक्षरापुढे चार अंक असतात. ते ०४०० किंवा त्याहून मोठे असतील, तर ही वजाबाकी करणे आवश्यक आहे असे समजावे.

वजाबाकी न केल्यास काय होते, हे एका पिक्सेलवर पाहू. समजा चौथ्या बँडचा खरा आकडा ४०० आहे आणि पाचव्याचा ६००. फरक २०० आणि बेरीज १०००, म्हणजे निर्देशांक ०.२० येतो. आता दोन्ही आकड्यांत १००० मिळवा. फरक २००च राहतो, पण बेरीज ३००० होते आणि निर्देशांक ०.०७ वर येतो. पाण्यात तेवढेच शेवाळ असूनही आलेख एक तृतीयांशावर उतरतो. जमिनीवरच्या पिकांच्या बाबतीत मूळ आकडेच मोठे असल्यामुळे हा फरक इतका जाणवत नाही. पाणी मुळात फारच थोडा प्रकाश परत पाठवते, म्हणून तेथे तो सगळा निष्कर्ष उलटा करून टाकतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. जुन्या तारखांची चित्रेही नंतर नव्या पद्धतीने पुन्हा तयार करण्यात आली आहेत, त्यामुळे २०१९चे चित्र आज उतरवले तर त्यातही हे १००० असू शकतात. तारखेवरून ठरवू नका, फाइलच्या नावावरून ठरवा. गुगल अर्थ इंजिनमध्ये काम करायचे असेल, तर हार्मोनाइज्ड या नावाचा संग्रह घ्यावा. त्यात हा फरक आधीच काढून टाकलेला आहे.

आपण प्रश्न इतक्या तपशिलाने मांडला आहे की, आपल्या पद्धतीतील आणखी दोन गोष्टींवर लिहिल्यावाचून राहवत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे हद्द. आमच्याकडील तलाव सप्टेंबरात जेवढे पसरलेले असतात त्याच्या निम्मेही मे महिन्यात उरत नाहीत. एकदाच आखलेल्या हद्दीत उन्हाळ्यात उघडा गाळ, त्यावर उगवलेले गवत आणि गाळपेरीची पिके येतात, आणि हिरव्या पानांवर हा निर्देशांक शेवाळापेक्षाही वर उसळतो. म्हणून दर तारखेला पाण्याची हद्द नव्याने काढावी लागते. तिसरा बँड आणि अकरावा बँड यांच्या फरकावरून पाणी आणि जमीन बऱ्यापैकी वेगळी करता येतात. त्यानंतर काठापासून आत किमान दोन पिक्सेल सोडून द्यावेत. पाचवा बँड २० मीटरचा आहे, म्हणजे काठालगतच्या पिक्सेलमध्ये अर्धे पाणी आणि अर्धी माती असणारच. शिवाय काठावरच्या झाडांवरून परतलेला प्रकाश हवेत विखुरून शेजारच्या पाण्याच्या पिक्सेलमध्येही मिसळतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावासारख्या लहान आणि झाडांनी वेढलेल्या तलावावर काम करताना ही अडचण फार मोठी होते. आपल्याकडे काठ मोकळा आणि माळरानाचा असेल, तर ४० मीटर सोडणे पुरेसे ठरावे.

दुसरी गोष्ट सूर्याची. हा उपग्रह आपल्या भागावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. सांगलीच्या अक्षांशावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सकाळी अकरालाही तो बराच वर असतो आणि पाण्यावरच्या लाटांवरून त्याची चकाकी थेट उपग्रहाच्या नजरेत येऊ शकते. नेमका शेवाळाचा काळही तोच असल्यामुळे हे तपासणे टाळता येत नाही. अकरावा बँड उघडून पाहा. त्या तरंगलांबीचा प्रकाश पाणी जवळजवळ पूर्ण शोषून घेते, म्हणून तेथे तलाव काळा दिसला पाहिजे. तो राखाडी किंवा उजळ दिसत असेल, तर चकाकी, विरळ ढग किंवा धुरकटपणा आहे असे समजून ती तारीख बाजूला ठेवावी. उसाचा पाला जाळण्याच्या दिवसांत आमच्या खोऱ्यात धुराचे पट्टे पसरतात, आणि साध्या रंगीत चित्रात ते सहज लक्षात येत नाहीत.

निर्देशांकाचा अर्थ कसा लावायचा, याबद्दलही थोडे लिहितो. हरितद्रव्य ६६५ नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश शोषून घेते, म्हणून चौथ्या बँडमध्ये शेवाळयुक्त पाणी काळवंडते. ७०५च्या आसपास ते शोषण संपते आणि शेवाळाच्या पेशींवरून विखुरलेला प्रकाश वर येतो, म्हणून पाचव्या बँडमध्ये तेच पाणी उजळते. शुद्ध पाणी मात्र ६६५पेक्षा ७०५ला अधिक प्रकाश शोषते, त्यामुळे शेवाळ नसलेल्या पाण्यात हा निर्देशांक साधारणपणे उणे येतो. तलावात पहिले गढूळ पाणी उतरते तेव्हा तो शून्याच्या जवळ किंवा खाली जातो. त्या काळात पाणी शुद्ध झाले, असा अर्थ त्यातून निघत नाही. हा निर्देशांक २०१२ मध्ये मांडला गेला तेव्हा त्याचा हरितद्रव्याशी मेळ अमेरिकेतील खाड्यांच्या पाण्यावर घातला होता. कोणत्या निर्देशांकाला लिटरमागे किती मायक्रोग्रॅम हरितद्रव्य समजावे, याचे तयार कोष्टक महाजालावर सहज मिळते. ते कोष्टक आपल्या काळ्या मातीतल्या आणि कृष्णेच्या पाण्याने भरणाऱ्या तलावाला जसेच्या तसे लावू नये, ही आग्रहाची विनंती आहे. आपल्या तलावाचे कोष्टक आपल्यालाच तयार करावे लागेल, आणि त्यासाठी बाटली घेऊन पाण्यात उतरण्याला पर्याय नाही.

खणभाग (सांगली) यांचे उत्तर

ताई, मी अनेक वर्षे पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

पाणी पाजण्याजोगे आहे की नाही, हे उपग्रह सांगू शकत नाही. त्याला पाण्याचा रंग दिसतो. त्या रंगावरून हरितद्रव्य, गढूळपणा आणि पृष्ठभागावरचा थर यांचा अंदाज बांधता येतो. नायट्रेट, रोगजंतू, कीटकनाशकांचे अंश आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू यांपैकी काहीही रंगात उमटत नाही. त्यातही आपण वर्णन केलेले रव्यासारखे कण मला अधिक काळजीचे वाटतात. बोटांना असे कण चिकटत असतील आणि वाळल्यावर काठावर निळसर हिरवा पापुद्रा उरत असेल, तर ते नील-हरित शेवाळ असण्याची शक्यता मोठी आहे. दोरे किंवा लव धरून वर येणारे साधे हिरवे शेवाळ कुरूप दिसले तरी सहसा विषारी नसते. नील-हरित शेवाळाच्या काही जाती मात्र यकृताला घातक असे विष तयार करतात. नील-हरित शेवाळात जे निळे रंगद्रव्य असते ते ६२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते, आणि सेंटिनेल-२वर त्या ठिकाणी बँडच नाही. सेंटिनेल-३वर तो आहे, पण त्याचा एक पिक्सेल ३०० मीटरचा असतो. कोयनेच्या शिवसागरासारख्या मोठ्या जलाशयाच्या रुंद भागात तो उपयोगी पडेल. आपल्या चाळीस हेक्टरांत मात्र असे चार-पाचच पिक्सेल मावतील आणि त्या प्रत्येकात थोडाफार काठ येईल. म्हणून कोणत्या जातीचे शेवाळ आहे, हे सूक्ष्मदर्शकाखालीच ठरवावे लागेल. आपल्या महाविद्यालयाच्या जीवशास्त्र विभागात सूक्ष्मदर्शक असणारच. काचपट्टीवर एक थेंब घेऊन पाहिल्यास मायक्रोसिस्टिस या नील-हरित शेवाळाच्या पेशी चिकट आवरणात गोळा झालेल्या ठिपक्यांच्या पुंजक्यांसारख्या दिसतात, आणि एकदा ओळखल्या की पुन्हा विसरत नाहीत.

या विषाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. मायक्रोसिस्टिन हे विष पाणी उकळल्याने नाहीसे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकारासाठी लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा सुचवलेली आहे, एवढे ते अल्प प्रमाणातही महत्त्वाचे मानले जाते. दाट थर असलेल्या पाण्यात थेट टीसीएल ही क्लोरीनची पावडर टाकली, तर पेशी फुटून आतील विष पाण्यात मिसळू शकते. आधी शेवाळ गाळून बाजूला काढणे आणि मग निर्जंतुकीकरण करणे, हाच क्रम योग्य आहे. जनावरांना थर साचलेल्या बाजूने पाण्यावर नेऊ नये, एवढी सूचना तरी ग्रामपंचायतीने उद्याच दवंडीने द्यावी. त्यासाठी कोणत्याही अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

मोरचुदाचा आग्रह का धरला जात आहे, हे मला समजते. तासगाव आणि कवठेमहांकाळच्या प्रत्येक द्राक्षबागायतदाराच्या घरी बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद असतोच, आणि वेलीवरच्या बुरशीला तो आवर घालतो हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. मोरचूद शेवाळालाही मारतो, यात शंका नाही. पण सगळे शेवाळ एकदम मेले की विषाचा सगळा साठा एकदम पाण्यात सुटतो, आणि मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खेचून घेते, त्यामुळे मासे मरण्याचा धोका वाढतो. शिवाय मोरचुदातले तांबे कुठेही नाहीसे होत नाही, ते तळाच्या गाळात बसते, आणि तो गाळ उन्हाळ्यात आपणच उपसून शेतात टाकतो. कृपया हा प्रयोग होऊ देऊ नका.

आता नमुन्याविषयी. उपग्रह ज्या दिवशी वरून जाणार आहे, त्याच दिवशी सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान नमुने घ्यावेत. या शेवाळाच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यामुळे वारा नसताना ते वर येते आणि वारा सुटला की एका काठाला लोटले जाते. सकाळचे चित्र आणि संध्याकाळचा नमुना यांचा मेळ बसत नाही. नमुना काठावरून न घेता काठापासून शंभर मीटर तरी आत, होडीतून किंवा तराफ्यावरून, हातभर खोलीवरून घ्यावा. वरचा थर बाटलीत खरवडून आणल्यास आकडा भयंकर येईल, पण तो तलावाचा नसेल. बाटली गडद रंगाची असावी. नसल्यास काळ्या कापडात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवावी, कारण उजेडात आणि उष्णतेत हरितद्रव्य मोडू लागते. प्रयोगशाळेत ते पाणी काचतंतूंच्या गाळणकागदातून गाळतात, कागदावर राहिलेल्या शेवाळातून ९० टक्के अॅसिटोनने हरितद्रव्य काढतात आणि त्या द्रावणाची प्रकाश शोषण्याची क्षमता मोजतात. नमुना पाठवण्यापूर्वी त्या प्रयोगशाळेत हरितद्रव्य-अ ही तपासणी होते का, हे फोन करून विचारून घ्यावे. पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत ती नसते, आणि मग पाणी पिण्यायोग्य असल्याचा जो शेरा मिळतो त्याचा शेवाळाशी काहीही संबंध नसतो. एका गावाच्या बाबतीत मी हे घडलेले पाहिले आहे आणि त्याची हळहळ मला अजून आहे.

प्रत्येक वेळी प्रयोगशाळेचा खर्च झेपणार नाही. त्यासाठी पाण्याची पारदर्शकता मोजणारी सेकी चकती बनवून घ्या. वीस सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची गोल चकती, तिचे चार भाग करून एकाआड एक काळे-पांढरे रंगवलेले, खाली वजन आणि वर दर दहा सेंटिमीटरला गाठ मारलेली दोरी, एवढेच साहित्य लागते. होडीच्या सावलीच्या बाजूने ती सोडायची, दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली, या दोहोंची सरासरी लिहून ठेवायची. अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये समुद्रावर वापरलेली ही युक्ती आजही उपग्रहाच्या आकड्यांची पडताळणी करायला उपयोगी पडते.

येरळाकाठ (खटाव) यांचे उत्तर

आम्ही मत्स्यव्यवसाय करतो, त्यामुळे वरील दोन्ही उत्तरे मी पुन्हा पुन्हा वाचली. मला एकच भर घालायची आहे. शेवाळ दाट झाल्यावर मासे मरतात ते दुपारी नव्हे, पहाटे. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री मात्र तेही श्वासाबरोबर तो वापरते, आणि सूर्य उगवण्यापूर्वीच्या तासात पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्या वेळी कटला आणि रोहू पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू-मिटू लागतात. दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले तर धोका वाढतो, कारण दिवसाही पुरेसा प्राणवायू तयार होत नाही. नेमके त्याच दिवसांत ढगांमुळे उपग्रहाचे चित्र मिळत नाही. म्हणून चित्रात एप्रिलमध्ये निर्देशांक वर जाताना दिसला की, आम्ही ढगाळ हवेची वाट न पाहता तलावातले मोठे मासे काढायला सुरुवात करतो आणि खाद्य बंद ठेवतो. उपग्रहाचा आमच्यापुरता उपयोग हा आहे, आणि तो खरोखर मोठा आहे. ताईंनी मच्छीमार संस्थेतल्या एखाद्याला पहाटेच्या नोंदी ठेवायला सांगावे. मासे कधी वर आले, पाण्याला कसा वास होता, वारा कोणत्या दिशेने होता, एवढे वहीत लिहिले तरी आलेखाशेजारी मांडायला फार मोलाचे ठरते.

अग्रणीकाठ यांची पुढील नोंद

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बसून सर्व फाइलींची नावे तपासली. २०२१पर्यंतच्या माझ्या प्रतींत एन अक्षरापुढे ०४००पेक्षा लहान अंक आहेत आणि त्यानंतरच्या सर्व प्रतींत ०४०० किंवा त्याहून मोठे. भरावापासून दीडशे मीटर आतला, बारा महिने पाण्याखाली राहणारा एक पिक्सेल निवडून मी दोन तारखा ताडून पाहिल्या. एप्रिल २०२१च्या चित्रात चौथा बँड ४२० आणि पाचवा ६१० आहे, म्हणजे निर्देशांक ०.१८. एप्रिल २०२३च्या चित्रात तेच आकडे १४५० आणि १६६० आहेत. मी ते तसेच वापरले होते, म्हणून ०.०७ आला होता. १००० वजा केल्यावर ४५० आणि ६६० उरतात आणि निर्देशांक ०.१९ येतो. आलेखात जी सुधारणा दिसत होती ती तलावात कधीच नव्हती.

हद्दीबद्दलचे म्हणणेही खरे ठरले. दर तारखेची हद्द वेगळी काढून आत ४० मीटर सोडल्यावर मे महिन्यातले सर्वांत उंच दोन उंचवटे बसले. ते तलावाच्या शेपटाकडील गाळपेरीचे होते. एप्रिलचे उंचवटे मात्र जसेच्या तसे राहिले. अकराव्या बँडमध्ये तलाव राखाडी दिसला म्हणून तीन तारखा मी वगळल्या आहेत.

एक गोष्ट अजून उलगडत नाही. नव्या आलेखात दोन वर्षी मार्चच्या मध्याला निर्देशांक अचानक खाली जातो आणि तीन आठवड्यांत पुन्हा वर चढतो. त्या तारखांना चित्रे स्वच्छ आहेत आणि चकाकीही नाही.

कण्हेर परिसर यांचे उत्तर

त्या सुमारास म्हैसाळचे आवर्तन सुटले होते का, हे पाटबंधारे शाखेच्या नोंदीवरून पाहावे. नवे पाणी आले की शेवाळ पातळ होते आणि गढूळपणा वाढतो, त्यामुळे निर्देशांक दोन्ही कारणांनी उतरतो. चौथ्या बँडचा आकडा त्या तारखांना एकट्याने वाढलेला असेल, तर गढूळ पाणी आले असे धरायला हरकत नाही. तोही कमी झाला असेल, तर शेवाळच कमी झाले. तीन आठवड्यांत पुन्हा चढण होते, याचा अर्थ आलेले पाणी किंवा तळाचा गाळ शेवाळाला खाद्य पुरवत आहे. तळाशी प्राणवायू संपला की गाळात बसलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो, म्हणून नुसते नवे पाणी सोडून हा प्रश्न सुटत नाही. प्रयोगशाळेला हरितद्रव्याबरोबर एकूण फॉस्फरसही मोजायला सांगा, आणि शक्य झाल्यास एक नमुना तळाजवळून घ्या.

अग्रणीकाठ यांची नोंद

नोंदवही पाहिली. दोन्ही वर्षी त्या उतारापूर्वी आठवडाभरात आवर्तन आले होते, आणि चौथ्या बँडचा आकडा दोन्ही वेळा वाढलेला आहे.

आज सरपंचांकडे जाऊन आधीचा आलेख चुकीचा होता हे सांगितले आणि दुरुस्त आलेख त्यांच्या हाती दिला. येत्या ग्रामसभेत तोच पुन्हा मांडणार आहे. जनावरांना सांडव्याकडच्या बाजूने पाण्यावर नेण्याची दवंडी संध्याकाळी झाली. मोरचुदाच्या विषयावर बागायतदारांशी बोलताना गाळाचा मुद्दा त्यांना लगेच पटला, कारण तो गाळ त्यांच्याच बागांत जातो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, चिकट आवरणातले ठिपक्यांचे पुंजके स्पष्ट दिसत आहेत आणि त्यांची छायाचित्रे मी काढून ठेवली आहेत. उपग्रहाची पुढची फेरी शुक्रवारी आहे. चकती रंगवून वाळत घातली आहे, मच्छीमार संस्थेची होडी सकाळी दहाला मिळणार आहे आणि बर्फाच्या डब्यासह नमुने दुपारी सांगलीला घेऊन जाण्याची व्यवस्था झाली आहे. आकडे हाती आले की येथेच लिहीन.